झोप येत नाही की झोपायला जात नाही?

घरात अठरा ते पंचवीस वयाचं कुणी असेल तर हा वाद ओळखीचा असणार. सकाळचे नऊ वाजले तरी अंथरूण सुटत नाही म्हणून आई ओरडते. ‘रात्री झोपच येत नाही’ असं मुलगा सांगतो. ‘तो मोबाईल फेकून दे आधी’ असा निकाल वडील देतात. तिघांच्याही बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे. पण नेमकं बिघडलंय काय, ते तिघांनाही सांगता येत नाही.

‘झोप येत नाही’ म्हणणाऱ्या या मुलाला रात्री दहालाच जांभया येत असतात. अकराला डोळे जड होतात. बाराला हातातला फोन तोंडावर आपटतो, तो उचलला जातो आणि बोट पुन्हा स्क्रीनवर सरकायला लागतं. याला निद्रानाश म्हणता येणार नाही. निद्रानाशात माणूस अंथरुणावर पडून झोपेची वाट बघतो आणि ती येत नाही. इथे झोप दारात उभी आहे आणि माणूस तिला आत घेत नाही.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या फ्लोर क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली या प्रकाराची नीट व्याख्या केली. ठरावीक वेळी झोपायला जायचं होतं, बाहेरचं कुठलंही कारण आड येत नव्हतं, तरीही माणूस गेला नाही, अशी ती व्याख्या. आपण याला झोपेची चालढकल म्हणू. ज्यांचं स्वनियमन कमी, त्यांच्यात ही चालढकल जास्त आणि झोप अपुरी, असं त्या अभ्यासात दिसलं. स्वनियमन म्हणजे या क्षणाच्या ओढीला आवर घालून, आपणच आधी ठरवलेल्या गोष्टीकडे स्वतःला वळवता येणं. परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरणारा, व्यायाम उद्यावर टाकणारा आणि रात्री दीडला ‘हा शेवटचा व्हिडिओ’ म्हणणारा, हे बहुतेक वेळा एकच गृहस्थ असतात.

विहिरीत पाणी आणि मोटारीला लाईट

झोप कशी लागते हे खान्देशातल्या शेतकऱ्याला समजावायला फार वेळ लागत नाही. केळीला पाणी द्यायचं तर दोन गोष्टी एकाच वेळी हव्यात: विहिरीत पाणी आणि मोटारीला लाईट. विहीर भरलेली आहे पण थ्री फेज नाही, तर बसा बांधावर. लाईट आली पण विहिरीने तळ गाठलाय, तरी बसा बांधावर.

विहिरीतलं पाणी म्हणजे झोपेची गरज. जागेपणी मेंदूच्या पेशी काम करत असतात आणि त्या कामातून ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितकं ते साठेल तितकी झोप अनावर होते. झोपेत ते उपसलं जातं आणि सकाळी विहीर पुन्हा रिकामी असते. लाईटचं वेळापत्रक म्हणजे शरीराचं घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर वीसेक हजार पेशींचा एक पुंजका असतो. कधी जागं ठेवायचं आणि कधी झोपेला वाट मोकळी करायची, ते तो ठरवतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पाणी आणि लाईट या दोन्हींचा मेळ बसला की झोप लागते, ही मांडणी मात्र त्याहून जुनी आहे. झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी ती १९८२ मध्ये केली आणि झोपेचं बरंचसं शास्त्र आजही तिच्या आधारावर उभं आहे.

एवढं कळलं की रोजच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. संध्याकाळी पाच वाजता अभ्यास करता करता दीड तास डोळा लागला, म्हणजे रात्रीसाठी भरत आलेली विहीर आपण अर्धी उपसली. मग बाराला झोप येत नाही म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही. दुपारची झोप हवीच असेल तर तीनच्या आत, वीसेक मिनिटांची. चहा-कॉफीतलं कॅफीन पाणी कमी करत नाही, विहीर किती भरली आहे हे मेंदूला कळू देत नाही. साधारण पाच तासांनी त्यातलं निम्मं अंगात शिल्लक असतं. कुणाच्यात लवकर कमी होतं, कुणाच्यात उशिरा. रात्री नऊला घेतलेली कडक कॉफी दोन वाजताही निम्मी जागी असते. ‘मला कॉफीने काही होत नाही, पिऊन लगेच झोपतो’ म्हणणारे असतात. त्यांना झोप लागते हे खरं, पण गाढ झोपेचा वाटा घटतो आणि तो त्यांच्या लक्षात येत नाही.

वेळापत्रक ठरवतो मुख्यतः प्रकाश. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड त्याला मागे ढकलतो. घरातल्या ट्यूबलाईटखाली साधारण शे-तीनशे लक्स उजेड असतो. लक्स हे उजेड मोजायचं माप. सकाळी उन्हात, अगदी ढगाळ हवेतही, तो हजारांत मोजावा लागतो. म्हणून सकाळी अर्धा तास गच्चीवर किंवा मैदानावर काढणं हा झोपेचा सगळ्यात स्वस्त उपाय. आणि तो रात्री नव्हे, सकाळी करायचा असतो, इथेच बहुतेकांची गफलत होते.

पण माझं डोकं रात्रीच चालतं, त्याचं काय?

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. वयात येताना शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकायला लागतं आणि विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरावर असतं. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा मांडून हे दाखवलं. मुलींमध्ये हे टोक थोडं आधी येतं, मुलग्यांमध्ये थोडं नंतर. त्यानंतर घड्याळ हळूहळू परत लवकरकडे येऊ लागतं. पहाटे चारला उठून देवपूजा करणारे आजोबा आणि अकरानंतर तरतरी येणारा नातू, दोघंही आपापल्या वयाप्रमाणेच वागत असतात. नातवाला आळशी म्हणून त्याचं घड्याळ बदलत नाही.

आपल्या भागात यात आणखी एक भर पडते, ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. भारताची वेळ ठरते ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून. जळगाव साडेपंच्याहत्तर अंशांच्या जवळ, धुळं आणि नंदुरबार आणखी पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे जळगावचा सूर्य भिंतीवरच्या घड्याळापेक्षा साधारण २८ मिनिटं मागे आणि नंदुरबारचा अर्ध्या तासाहून जास्त. शरीर सूर्य बघून चालतं, कॉलेज आणि ऑफिस भिंतीवरचं घड्याळ बघून. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातलीच आकडेवारी घेऊन दाखवलं आहे की जिथे सूर्य उशिरा मावळतो तिथे मुलं उशिरा झोपतात, शाळा मात्र ठरल्या वेळीच भरते, आणि मधला तुटवडा झोपेतून भरला जातो.

तेव्हा रात्री अकरा-साडेअकराला झोपणाऱ्या एकविशीतल्या मुलाला ‘नऊला दिवा मालव’ म्हणणं व्यर्थ आहे. पण दीड-दोनचं काय? घड्याळ तासाभराने मागे असेल, त्यापुढचे दोन तास आपणच ढकललेले असतात. वय आणि रेखांश यांच्यावर सगळं खापर फोडता येत नाही.

‘मन घट्ट कर’ हा सल्ला का चालत नाही

स्वनियमन म्हटलं की आपल्याकडे लगेच निग्रह, संकल्प, शिस्त हे शब्द येतात. मनोबल वापरून वापरून संपतं, म्हणून दिवसभर संयम पाळलेला माणूस रात्री ढेपाळतो, असा सिद्धान्त रॉय बाउमायस्टर यांनी १९९८ मध्ये मांडला आणि तो खूप गाजला. पुढे २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण मनोबलाच्या भरवशावर झोपेची योजना उभारू नये, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

मला यापेक्षा उपयोगाचा वाटतो तो २०१२ मधला एक जर्मन अभ्यास. विल्हेल्म हॉफमन यांनी दोनशेहून थोड्या अधिक माणसांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारलं: आत्ता कसली इच्छा होतेय, ती थोपवताय का? ज्यांचा संयम चांगला, ती माणसं मोहाशी सतत झुंजत असतील, असं आपल्याला वाटतं. आढळलं उलट. त्यांच्या वाट्याला झुंजच कमी आली, कारण मोह समोर येणार नाही अशी त्यांच्या दिवसाची रचना होती. बशीत शेव नसेल तर ‘खाऊ का नको’ हा प्रश्नच पडत नाही.

रात्री साडेबाराला, अर्धवट झोपेत, हातात फोन असताना ‘आता ठेवतो’ हा निर्णय घ्यायचा, म्हणजे सगळ्यात अवघड काम सगळ्यात नादुरुस्त अवस्थेत करायचं. तो निर्णय संध्याकाळी सातलाच घेऊन टाकलेला असला पाहिजे. त्यासाठी मानसशास्त्रात एक साधी रीत आहे, ‘जर-तर’ची. पीटर गोलविट्झर यांनी ती १९९०च्या दशकात मांडली आणि पुढे ९४ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात तिचा चांगला परिणाम दिसला. ‘आजपासून लवकर झोपेन’ हा नुसता इरादा. ‘जेवणाचं ताट घासायला टाकलं की फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावेन’ हे जर-तर. पहिल्यात कधी, कुठे, काय, यातलं काहीच नाही. दुसऱ्यात ताट ही खूण आहे, आणि ताट रोज असतंच.

माझा एक भाचा जळगावात पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे मैदान, दिवसभर अभ्यासिका, रात्री रील्स. ‘मोबाईल सुटत नही भो’ हे त्याचं पालुपद. बहिणीने त्याच्या खोलीतला चार्जर काढून स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागच्या प्लगला लावला आणि गजराचं साधं घड्याळ आणून दिलं. नियम एवढाच: बाहेरून आल्यावर पाय धुतले की फोन पिठाच्या डब्यामागे. पहिली अडचण लगेच आली. उद्या मैदानावर किती वाजता जमायचं, तो मेसेज ग्रुपवर साडेदहानंतर पडायचा. मग मित्रांनी वेळ संध्याकाळीच ठरवायला सुरुवात केली. दुसरी अडचण अशी की स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलं की फोन दिसतो. त्यावर तोडगा म्हणून खोलीत पाण्याचा तांब्या आला. कुणाला हे पोरकट वाटेल. पण सवयी बदलतात त्या अशाच, प्लग कुठे आहे आणि तांब्या कुठे आहे यावर.

दिवसभर दुसऱ्यांचं ऐकायचं, रात्र तरी माझी नको का?

हा आक्षेप मुलींकडून जास्त येतो, आणि तो खरा आहे. दोन खोल्यांचं घर, त्यात सहा माणसं. दिवसभर कॉलेज, घरकाम, धाकट्याचा अभ्यास, आल्या-गेल्याचा चहा. सगळे झोपल्यावर मिळणारा तास-दीड तास हाच काय तो स्वतःचा वेळ. तो झोपेला देऊन टाकायचा म्हणजे दिवसात आपलं असं काही उरतच नाही. नोकरी करणाऱ्या मुलांचंही थोड्याफार फरकाने असंच होतं.

यावर ‘शिस्त लाव’ हे उत्तर नव्हे. चालढकलीचं मूळ दिवसात असेल तर इलाजही दिवसातच करावा लागतो. संध्याकाळी अर्धा तास तिला कुणी हाक मारायची नाही, एवढं घरच्यांनी पाळलं तर रात्रीचा हट्ट निम्म्याने ओसरतो. आयांनो, काकूंनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

फोन नाईट मोडवर ठेवतो, मग काय बिघडतं?

थोडंच कमी बिघडतं. बोस्टनमधला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. बारा जणांनी झोपण्याआधी चार तास, काही रात्री उजळ पडद्यावर वाचलं आणि काही रात्री छापील पुस्तक. पडद्यावाल्या रात्री झोप लागायला साधारण दहा मिनिटं जास्त लागली आणि रात्र झाल्याची खूण देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक पुढच्या दिवशी दीड तास उशिरा वाढलं. शरीराचं वेळापत्रक सरकलं ते खरं. पण दिवसभर उन्हात फिरलेल्या माणसावर पडद्याच्या उजेडाचा परिणाम कमी होतो, हेही दिसलेलं आहे. पिवळसर रंगाने उजेडाचा थोडा भाग सुटतो. फोनवर जे चाललंय, ते भांडण, ती मॅच, तो न संपणारा रील्सचा ओघ, ते पिवळं केलं तरी जागंच ठेवतं. उजेडाने दहा-पंधरा मिनिटं जात असतील, ओघात दोन तास जातात.

चार-पाच तास पुरतात, उरलेली रविवारी भरून काढतो

अठरा ते पंचवीस वयाला सात ते नऊ तास झोप लागते, ही सर्वमान्य शिफारस आहे. चार तासांत भागणारी माणसं असतात, पण ती फारच विरळा. आपण त्यातले आहोत असं वाटणारे मात्र पुष्कळ, आणि त्याचं कारण २००३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात सापडतं. दोन आठवडे रोज फक्त सहा तास झोपू दिलेल्या लोकांची एकाग्रता घसरत घसरत अखंड जागरण केलेल्या माणसांइतकी खाली गेली. त्यांना स्वतःला विचारलं, तर ‘थोडी झोप येतेय, बाकी ठीक’ असं सांगायचे. कमी झोपेची सवय होते ती जाणिवेला, मेंदूच्या कामाला नाही.

एरंडोल-पारोळा मार्गावर रात्री उशिरा मोटारसायकलवरून येणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. सतरा ते एकोणीस तास सलग जागा असलेला माणूस काही चाचण्यांमध्ये रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी कामगिरी करतो. भारतात वाहन चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे.

आणि रविवारची भरपाई? शरीराचा थोडा थकवा त्याने जातो, नाही असं नाही. पण सोम ते शनि सातला उठणारा रविवारी अकराला उठला, की सकाळचा उजेड चार तास उशिरा मिळतो आणि लाईटचं वेळापत्रक उशिराकडे सरकतं. रविवारी रात्री झोप येत नाही ती यामुळे. उठायच्या वेळेत तासाभरापेक्षा जास्त फरक पडू देऊ नये. खरं सांगायचं तर झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळच आपल्या हातात जास्त असते. डोळे मिटायची सक्ती स्वतःवर करता येत नाही, पाय जमिनीवर टेकवायची करता येते. तेव्हा सुरुवात तिथूनच करावी: उठायची वेळ आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी, उठल्या उठल्या बाहेर पडावं, आणि रात्रीची वेळ आपोआप अलीकडे येईल तशी येऊ द्यावी.

उकाडा आणि रात्रीची पाळी

झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला दिवसा पारा ४४-४५ वर जातो, आणि स्लॅबची घरं तो ताप मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतात. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या छतामुळे हा त्रास कमी असायचा. आपली हवा कोरडी, म्हणून इथे कूलर चांगला चालतो. खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. गच्चीवर संध्याकाळी पाणी मारून खाट टाकणं हा जुना उपाय शास्त्रालाही धरून आहे. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करावी. ऐकायला उलटं वाटेल, पण त्याने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आतली उष्णता बाहेर पडते. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीबद्दल मी काही बोलणार नाही. मळ्यात बसून कळण्याच्या भाकरीबरोबर रात्री अकराला भरीत खाणाऱ्याला झोपेचं शास्त्र शिकवू नये.

शेतीच्या लाईटचा प्रश्न मात्र वेगळा. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. रात्री बॅटरी घेऊन केळीत पाणी द्यायला जाणाऱ्या पोराला स्वनियमनाचे धडे देणं म्हणजे त्याची थट्टा आहे. क्रूझ यांची व्याख्याच आठवा: बाहेरचं कारण आड येत असेल तर ती चालढकल नव्हे. तिथे उत्तर दिवसाच्या विजेचं आहे, सौर पंपांचं आहे, धोरणाचं आहे. तोवर एवढंच करता येतं: रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात जायच्या आधी तासभर झोप घ्यावी, सकाळी परतताना टोपी-गमछा ओढून डोळ्यांवर ऊन कमी घ्यावं, खोली अंधारी करून झोपावं, आणि घरच्यांनी त्याला दहा वाजता चहाला उठवू नये. भुसावळच्या रेल्वेतल्या किंवा एमआयडीसीतल्या रात्रपाळीवाल्यांनाही हेच लागू.

हे सगळं करूनही झोप येत नसेल तर

अंथरुणात पडून वीसेक मिनिटं झाली आणि झोप नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करत बसावं आणि डोळे जड झाले की परत जावं. अंथरूण म्हणजे झोप, अंथरूण म्हणजे तळमळ नव्हे, हे शरीराला शिकवायची ही रीत १९७२ पासून वापरात आहे. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नयेत.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, किंवा झोपेबरोबर जेवणाची आणि जगण्याचीच इच्छा कमी होत असेल, तर ही चालढकल नव्हे, डॉक्टरांना दाखवावं. मनावरच्या ताणाबद्दल बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. डॉक्टरांकडे जाताना आधीच्या दोन आठवड्यांची नोंद वहीत करून न्यावी: अंथरुणावर कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलो, दुपारी किती झोपलो, शेवटचा चहा कधी घेतला. ‘झोपच येत नाही हो’ या एका वाक्यापेक्षा त्या वहीवरून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं.